मुंबईच्या न्यायालयांतील शास्त्री व ग्रंथसंग्रह

मुंबई हायकोर्टाचा ग्रंथसंग्रह म्हटला म्हणजे निवाड्यांचे जाडजूड खंड व ते चाळणारे वकील एवढेंच चित्र सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें येतें. इतिहासाच्या अभ्यासकानें त्या संग्रहाकडे पाहण्याचें कारण निराळें आहे. मिताक्षरा, व्यवहारमयूख व त्यांचीं इंग्रजी भाषांतरें न्यायाधीशाच्या हातीं येण्यापूर्वीं त्यांचें काम एक मनुष्य करीत असे. त्यास कोर्टाचा शास्त्री म्हणत. हें शास्त्र्याचें पद इ. स. १८६४ त कायद्यानें रद्द झालें व त्याचें काम ग्रंथांकडे गेलें. हा पालट कसा घडला, शास्त्र्याच्या जागीं नेमके कोणते ग्रंथ आले, तेच कां आले, आणि त्यामुळें कोणास वारसा मिळाला व कोणास मिळाला नाहीं, एवढाच विचार येथें करावयाचा आहे.

हायकोर्ट सुरू झालें तें ता. १४ ऑगस्ट १८६२ रोजीं. त्यापूर्वीं मुंबईंत दोन निरनिराळीं वरिष्ठ न्यायालयें नांदत होतीं. एक राजाचें, म्हणजे १७९८ चें रेकॉर्डर कोर्ट व त्याच्या जागीं १८२४ त बसलेलें सुप्रीम कोर्ट. याची सत्ता मुख्यतः मुंबई बेटापुरती. दुसरें कंपनीचें, म्हणजे सदर दिवाणी अदालत. हिच्याकडे इलाख्यांतील जिल्हा कोर्टांचीं अपिलें येत. पहिल्याची विद्या इंग्लंडांतील निवाड्यांची, तर दुसरीची विद्या कंपनीच्या रेग्युलेशनांची व शास्त्र्यांच्या व्यवस्थापत्रांची. तथापि हिंदूंचा वारसा हिंदूंच्या धर्मशास्त्राप्रमाणें व मुसलमानांचा त्यांच्या शरियतीप्रमाणें ठरवावा, हा नियम दोहोंनाही लागू होता. १८६२ त हीं दोन्ही न्यायालयें एक झालीं. त्यांच्या खुणा हायकोर्टाच्या मूळ शाखा व अपील शाखा या विभागणींत पुढेंही राहिल्या. गॉथिक धर्तीची जी भव्य इमारत आज आपण पाहतों ती फुलर या लष्करी इंजिनिअरानें बांधविलेली. तिचें काम १८७१ त सुरू होऊन १८७८ त संपलें. त्यापूर्वींचें हायकोर्ट अपोलो स्ट्रीटवरील जुन्या अॅडमिरल्टी हाउसमध्यें भरत असे. म्हणजे ज्या कायद्यानें शास्त्र्यांचें पद मोडलें तो या इमारतीच्या पायाभरणीपूर्वींचाच होय.

पेशवाईंतील न्यायपद्धति या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. वतनाचा तंटा असला म्हणजे गोतसभा बसे, जुने कागद व साक्षीदार पाहिले जात, निकालाचा महजर होई, आणि कशानेंच निर्णय न लागल्यास दिव्यापर्यंत पाळी येई. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश असला तरी स्मृतिवचन हें त्याच्या अनेक साधनांपैकीं एक. उपलब्ध महजर पाहिले तर त्यांत स्मृतिवचनांपेक्षां भोगवटा, साक्ष व गोताचें मत यांचाच आधार अधिक दिसतो. शास्त्र्यास विचारावयाचें तें मुख्यतः प्रायश्चित्त, दत्तविधान, विवाह, शुद्धि अशा बाबतींत. संपत्तीच्या प्रत्येक वांटणींत ग्रंथ उघडण्याची चाल नव्हती व तशी गरजही कोणास भासली नव्हती.

बंगाल्यांत इंग्रजांनीं १७७२ त जी योजना केली तींत मात्र हिंदूंस शास्त्र लावावें असें ठरलें, आणि शास्त्र म्हणजे ग्रंथ असा अर्थ झाला. अकरा पंडितांकडून संग्रह करवून हॅल्हेडनें १७७६ त त्याचें इंग्रजी रूप छापलें. जोन्सचें मनुस्मृतीचें भाषांतर १७९४ त आलें. जगन्नाथ तर्कपंचाननाच्या प्रचंड संग्रहाचें कोलब्रुककृत भाषांतर त्यानंतर थोडक्याच वर्षांत निघालें. आणि १८१० त कोलब्रुकनेंच दायभाग व मिताक्षरेंतील दायविभाग यांचीं भाषांतरें एकत्र प्रसिद्ध केलीं. या सर्व उद्योगाच्या मुळाशीं ज्ञानलालसा होती हें खरें, परंतु पंडितांवरील अविश्वासही होता. जोन्सनें तो १७८८ त कॉर्नवॉलिसास लिहिलेल्या पत्रांत लपविलेला नाहीं. ज्या भाषेंत आपणांस वाचतां येत नाहीं त्या भाषेंतील आधार सांगणारा मनुष्य आपणांस फसवील, ही भीति त्यांस सतत होती. भाषांतर हा त्या भीतीवरील उपाय होता.

मुंबई इलाख्याची वाट प्रथम निराळी होती, आणि हें फारसें कोणी लक्षांत घेत नाहीं. एल्फिन्स्टन १८१९ पासून १८२७ पर्यंत येथें गव्हर्नर होता. त्याच्या कारकीर्दीच्या शेवटीं जीं रेग्युलेशनें निघालीं त्यांपैकीं १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाच्या २६ व्या कलमांत न्यायाधीशानें कोणता कायदा लावावा याचा क्रम दिला आहे. प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारचीं रेग्युलेशनें. तीं नसतील तेथें देशाचा रिवाज. रिवाज नसेल तेथें प्रतिवादीचा धर्मकायदा. आणि तोही नसेल तर न्याय, समदृष्टि व सदसद्विवेक. रिवाजास शास्त्राच्या आधीं बसविणारें हें कलम महाराष्ट्राच्या अनुभवास धरून होतें. पेशव्यांच्या मुलुखांत आल्यावर एल्फिन्स्टन व त्याचे सहकारी यांनीं जें प्रत्यक्ष पाहिलें त्याचीच ही छाया होय.

रिवाज प्रथम लावावयाचा तर तो लिहून काढणें भाग होतें. त्यासाठीं दोन मोठे उद्योग झाले. आर्थर स्टील यानें दख्खनच्या मुलुखांतील शास्त्री व निरनिराळ्या जातींचे प्रमुख यांस विचारून हिंदु जातींचा कायदा व रिवाज यांचा एक सारसंग्रह तयार केला. तो १८२७ त छापला गेला. गुजराथेंत हॅरी बोराडेल यानें तेंच काम हातीं घेतलें व जातीजातींकडून प्रश्नांचीं उत्तरें मिळविलीं. याच बोराडेलनें सदर अदालतीचे १८०० पासून १८२४ पर्यंतचे निवाडे छापले, आणि नीळकंठभट्टाच्या व्यवहारमयूखाचें इंग्रजी भाषांतर करून तें १८२७ त सुरतेस छापून प्रसिद्ध केलें.

आतां या एकाच गृहस्थाच्या दोन कृतींचें पुढें काय झालें तें पाहावें. व्यवहारमयूखाचें भाषांतर न्यायाधीशांच्या हातीं तत्काळ पडलें व सबंध शतकभर त्यावर निवाडे होत गेले. जातींच्या उत्तरांचे कागद मात्र दप्तरांत पडून राहिले. सर मंगळदास नथुभाई यांच्या खटपटीनें ते गुजराथींत छापून निघण्यास १८८४ साल उजाडलें व दुसरा भाग १८८७ त आला. म्हणजे कायद्यानें ज्यास पहिलें स्थान दिलें तो रिवाज साठ वर्षें कागदांच्या गठ्ठ्यांत राहिला, आणि ज्यास दुसरें स्थान दिलें तो ग्रंथ न्यायाधीशाच्या मेजावर राहिला. या लेखांत जें म्हणावयाचें आहे त्याचा गाभा या एका गोष्टींत आला आहे.

व्यवहारमयूख हा ग्रंथ तरी कोठला? नीळकंठभट्टाचें घराणें मूळचें पैठणचें. त्याचा पणजा रामेश्वरभट्ट काशीस जाऊन राहिला. आजा नारायणभट्ट काशींतील दाक्षिणात्य पंडितांचा अग्रणी झाला. बाप शंकरभट्ट मोठा मीमांसक. शिवाजी महाराजांस १६७४ त राज्याभिषेक करणारा गागाभट्ट याच कुळांतला, नीळकंठाच्या चुलतभावाचा मुलगा. नीळकंठानें यमुना व चंबळा यांच्या संगमाजवळील भरेह येथील सेंगर कुळांतील राजा भगवंतदेव याच्या आश्रयानें भगवंतभास्कर नांवाचा बारा मयूखांचा ग्रंथ सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत लिहिला. व्यवहारमयूख हा त्यांतील एक भाग. काशींत बसून चंबळेकांठच्या एका रजपूत राजासाठीं लिहिलेलें हें पुस्तक गुजराथेंतील वाणी, साष्टींतील शेतकरी व मुंबईंतील व्यापारी यांच्या वारशाचा कायदा ठरलें. यांत बोराडेलचाच सारा वांटा आहे असें मात्र म्हणतां येत नाहीं. पैठणच्या या भट्ट घराण्याचा मान महाराष्ट्र व गुजराथ येथील शास्त्र्यांत मोठा होता, व इंग्रज येण्यापूर्वींही ते मयूखाचा आधार देत. परंतु शास्त्री मयूख देई तेव्हां मिताक्षराही देई, कौस्तुभ व निर्णयसिंधुही देई, आणि प्रसंग पाहून देई. कोणत्या तालुक्यांत कोणता ग्रंथ वरचढ, अशी सीमारेषा त्यानें आंखलेली नव्हती. ती पुढें कोर्टानें आंखली.

शास्त्र्याच्या कामाची रीत अशी होती. वारशाचा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे न्यायाधीश तो लेखी घालून शास्त्र्याकडे पाठवी: मृत मनुष्य अमुक जातीचा, त्याच्यामागें अमुक अमुक नातलग, वारस कोण? शास्त्री उत्तर लिही व आधारास वचनें देई. मुसलमानांच्या बाबतींत हेंच काम काजी अथवा मौलवी करी. उत्तर न्यायाधीशावर पूर्णपणें बंधनकारक नसे, तथापि संस्कृत न जाणणाऱ्या न्यायाधीशास तें डावलणें सोपें नव्हतें. या रीतींत दोष होते. दोन जिल्ह्यांचे शास्त्री एकाच प्रश्नास दोन उत्तरें देत. प्रश्न अपुरा असला तर उत्तरही अपुरें येई. लांचलुचपतीचे आरोप तर नेहमींचेच. पण एक गुण होता, व तो ग्रंथांस कधींच आला नाहीं. शास्त्री त्याच मुलुखांत राहणारा असल्यामुळें कोणतें वचन चालू आहे व कोणतें केवळ पोथींत आहे हें त्यास ठाऊक असे.

१८६४ च्या अकराव्या कायद्यानें हिंदु व मुसलमान धर्माधिकाऱ्यांचीं हीं पदें रद्द झालीं. न्यायाधीशांनींच आतां धर्मशास्त्र जाणावें असें ठरलें, आणि जाणण्याचें साधन म्हणजे इंग्रजी पुस्तकें. लगेच दुसऱ्या वर्षीं, १८६५ त, व्हिटली स्टोक्स यानें मद्रासेस एकच खंड छापला व त्यांत बोराडेलचा मयूख, कोलब्रुकचे दायभाग व मिताक्षरा, आणि सदर्लंडचीं दत्तकमीमांसा व दत्तकचंद्रिका यांचीं भाषांतरें एकत्र बांधलीं. संस्कृतांत धर्मशास्त्राचे निबंध शेंकड्यांनीं आहेत. त्यांतून केवळ भाषांतर झालेले पांच ग्रंथ हिंदुस्थानभर वकिलांच्या हातीं गेले. त्या पांचांपैकीं दत्तकचंद्रिका तर बनावट आहे असा आक्षेप बंगाल्यांतील पंडितांनीं घेतलेला आहे. कोणता ग्रंथ प्रमाण या प्रश्नाचें उत्तर कोणता ग्रंथ छापला गेला यावर अवलंबून राहूं लागलें.

मुंबईंत शास्त्र्यांची विद्या अगदींच वायां गेली नाहीं, याचें श्रेय रेमंड वेस्ट व गेऑर्ग ब्यूलर या दोघांस आहे. ब्यूलर १८६३ त एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापक म्हणून आला होता. वेस्ट हा न्यायखात्यांतला व पुढें हायकोर्टाचा न्यायाधीश. दोघांनीं मिळून इलाख्यांतील निरनिराळ्या कोर्टांतून शास्त्र्यांचीं जुनीं उत्तरें जमविलीं व त्यांतून निवडून १८६७ त वारसा व १८६९ त विभाग असे दोन भाग प्रसिद्ध केले. ग्रंथाचें नांवच मुळीं शास्त्र्यांच्या उत्तरांवरून केलेला हिंदु कायद्याचा संग्रह असें आहे. प्रश्न, जिल्हा व तारीख, शास्त्र्याचें उत्तर, त्यानें दिलेले आधार आणि शेवटीं संपादकांची टीप, अशी मांडणी. पदच्युत झालेला शास्त्री अशा रीतीनें कपाटांत जाऊन बसला. फरक इतकाच कीं संपादकांस उत्तर चुकीचें वाटलें तर तसें ते टिपेंत लिहीत, व त्या टिपेस उत्तर देण्यास शास्त्री उरला नव्हता.

आतां प्रत्यक्ष परिणामाकडे वळूं. बहिणीच्या वारशाचेंच उदाहरण घेऊं. मिताक्षरेंतील वारसांच्या क्रमांत सख्खा भाऊ, मग सावत्र भाऊ, मग त्यांचे मुलगे असा ओघ आहे. बहिणीचें नांव मूळांत नाहीं. नीळकंठानें मात्र सख्ख्या भावाच्या मुलानंतर आजी व आजीच्या पाठोपाठ बहीण घातली, आणि सावत्र भावास तिच्या मागें ठेविलें. त्याचें कारण मोठें साधें आहे: बहीण विवाहानें सगोत्र राहत नसली तरी त्याच गोत्रांत जन्मलेली आहे, म्हणून ती गोत्रज. मुंबई बेटांतील एका वादांत सुप्रीम कोर्टानें १८६१ त पितृकुळांतील पुरुष दायादांपेक्षां बहिणीचा हक्क वरचढ मानला व प्रिव्ही कौन्सिलनें १८६४ त तो निवाडा कायम केला. पुढें १८७९ त उरणच्या, म्हणजे त्या वेळच्या करंजा बेटाच्या, एका वादांत सखाराम अधिकारी व सीताबाई यांच्यामध्यें हाच प्रश्न आला: सावत्र भाऊ कीं बहीण? हायकोर्टानें उत्तर कोंकणांत मयूख वरचढ असें ठरवून बहिणीच्या बाजूनें निकाल दिला. गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें मयूख पहिला. रत्नागिरी व घाटावरचा महाराष्ट्र येथें मिताक्षरा पहिली व मयूख दुसरा. पुणें, अहमदनगर व खानदेश येथें दोघांस सारखाच मान, असेंही एका निवाड्यांत आलें. उरणच्या सीताबाईस जें मिळालें तें रत्नागिरीच्या सीताबाईस त्या स्थितींत मिळालें नसतें. दोघींच्या गांवच्या रिवाजांत इतका फरक होता काय, हा प्रश्न रेग्युलेशनाच्या कलमाप्रमाणें प्रथम विचारावयास हवा होता. तो मागें पडला व भांडण दोन पुस्तकांचें झालें.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. सपिंड कोण? बंगाल्याकडील ग्रंथांवरून पिंडदानाचा ज्यांच्याशीं संबंध ते सपिंड, असा अर्थ कोर्टांत रूढ झाला होता. मिताक्षराकार विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांत लिहिणारा. त्यानें सपिंड म्हणजे एकाच शरीराचे अवयव ज्यांच्यांत आले आहेत ते, असा अर्थ केला आहे, आणि त्यांत पतीबरोबर पत्नीचा व भावांच्या पत्नींचाही समावेश केला आहे. पण हें विवेचन दायविभागांत नाहीं. आचाराध्यायांत, विवाहाच्या प्रकरणीं आहे. कोलब्रुकनें दायविभागाचेंच भाषांतर केलें होतें. त्यामुळें १८१० पासून पन्नासांहून अधिक वर्षें इंग्रजी वाचणाऱ्या न्यायाधीशांस मिताक्षरेची स्वतःची व्याख्याच हातीं नव्हती. वेस्ट व ब्यूलर यांनीं ती भाषांतरून दिली. लल्लुभाई विरुद्ध मानकुंवरबाई या १८७६ च्या वादांत दूरच्या दायादाची विधवा गोत्रज सपिंड म्हणून वारस होऊं शकते असें मुंबई हायकोर्टानें ठरविलें, आणि १८८० त प्रिव्ही कौन्सिलनें हाच सिद्धांत मान्य करतांना आचाराध्यायांतील त्या उताऱ्याचा आधार घेतला. संस्कृत पोथींत तो उतारा सात शतकांपासून होता, आणि कोणताही व्युत्पन्न शास्त्री तो मुखोद्गत म्हणूं शकला असता.

या दोन उदाहरणांत ग्रंथांमुळें स्त्रियांचा लाभ झाला हें खरें. रिवाजाचा पक्ष घेणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये. उलट रिवाजास मान दिल्याचें प्रसिद्ध उदाहरण खोजा व मेमन यांचें आहे. १८४७ त सुप्रीम कोर्टांत सर अर्स्किन पेरी याच्यापुढें हीं प्रकरणें चाललीं. कुराणाप्रमाणें मुलींस हिस्सा मिळावयाचा. जातीचा रिवाज मुलींस वारसा न देण्याचा. पेरीनें रिवाज सिद्ध झाला असें धरून मुलींचे दावे फेटाळले. तेव्हां ग्रंथ वाईट व रिवाज चांगला असा सरळ हिशेब येथें बसत नाहीं. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें इतकेंच आहे कीं दोहोंचा तराजू समान नव्हता. ग्रंथांतील वचन सिद्ध करण्यास पुस्तक उघडणें पुरे. रिवाज सिद्ध करावयाचा तर साक्षीदार आणावे, ते उलटतपासणींत टिकावे, रिवाज प्राचीन, निश्चित व अखंड असल्याचें दाखवावें, आणि या सर्वाचा खर्च पक्षकारानें सोसावा. मदुरेच्या कलेक्टरच्या प्रसिद्ध वादांत १८६८ त प्रिव्ही कौन्सिलनें रिवाजाचा स्पष्ट पुरावा झाल्यास तो लेखी वचनाहून बलवत्तर आहे असें म्हटलें, व त्यानंतर हें वाक्य प्रत्येक वकिलाच्या तोंडीं झालें. परंतु सारा भार त्यांतील ‘स्पष्ट पुरावा’ या दोन शब्दांवर आहे.

त्याच वादांत दत्तकाविषयींचें वसिष्ठाचें एक वचन चर्चेस आलें. पतीच्या अनुज्ञेवांचून स्त्रीनें पुत्र देऊं अथवा घेऊं नये, असा त्याचा आशय. याच एका वाक्याचे चार प्रांतांत चार अर्थ झाले: मिथिलेंत विधवेस दत्तक घेतांच येत नाहीं, बंगाल्यांत पतीनें जिवंतपणीं अनुज्ञा दिली असेल तर घेतां येतो, द्रविड देशांत सपिंडांच्या संमतीनें घेतां येतो, आणि महाराष्ट्रांत, मयूख व कौस्तुभ यांच्या आधारें, पतीनें मनाई केली नसेल तर विधवा स्वतःच्या अधिकारानें दत्तक घेऊं शकते. मराठी मुलुखांतील संस्थानांचे व वतनांचे किती वाद या एका अर्थावर फिरले आहेत हें वाचकांस माहीत आहेच. येथें मात्र ग्रंथ व रिवाज एकमेकांस धरून होते, व म्हणूनच हा नियम पुढें बळकट राहिला.

कपाटांतील भाषांतरांवर विसंबण्याची चूक प्रथम ज्यांनीं मूळ संस्कृताच्या बळावर दाखविली त्यांत रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यांचें नांव अग्रभागीं येतें. दापोलीजवळील मुरूड गांवीं १८३३ त जन्मलेले मंडलीक हायकोर्टांत नामांकित वकील होते. त्यांनीं १८८० त व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृति यांचें मूळ व नवें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि त्यास जोडलेल्या परिशिष्टांत प्रचलित रिवाजांचा मोठा संग्रह दिला. ज्या पुस्तकामुळें रिवाज मागें पडला त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तींत रिवाज पुन्हां आणून बसविण्याची ही युक्ति सहजासहजीं सुचणारी नव्हे. पुढें १८८६ त त्यांनीं मनुस्मृति अनेक टीकांसह छापली. त्यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह पुढें पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत आला व तेथील पोथ्या नंतरच्या संशोधकांच्या कामीं पडल्या.

न्यायासनावरून हेंच काम काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं केलें. १८८९ पासून १८९३ पर्यंतच त्यांची न्यायाधीशी चालली. अकालीं मृत्यूनें ती संपली. आपाजी नरहर कुळकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी या पूर्ण पीठापुढील वादांत, बाप आपल्या बापाशीं एकत्र असतां मुलानें वांटणी मागावी कीं नाहीं हा प्रश्न होता. बहुमत मागतां येत नाहीं असें पडलें. तेलंगांनीं एकट्यांनीं मूळ वचनांचा ऊहापोह करून उलट मत दिलें. निकाल बदलला नाहीं. तरी त्या मतपत्रिकेंत शास्त्र्याची विद्या व न्यायाधीशाचा अधिकार हीं दोन्ही एकाच माणसाच्या ठिकाणीं एकत्र आलेलीं दिसतात, आणि १८६४ च्या कायद्यानें जें गृहीत धरलें होतें तें तीस वर्षांनीं क्वचित् खरें झालें असें वाटतें.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे १९११ पासून हायकोर्टांत वकिली करीत. त्यांनीं १९२६ त व्यवहारमयूखाची चिकित्सित आवृत्ति पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातर्फे काढली. सरकारी पोथ्यांचा जो संग्रह ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर प्रभृतींनीं जमविला तो १९१८ त डेक्कन कॉलेजांतून या मंदिरांत आला होता. या आवृत्तीस जोडावयाची प्रस्तावना लिहितां लिहितां विषय वाढला, व तिचाच पुढें धर्मशास्त्राचा इतिहास झाला. त्याचा पहिला खंड १९३० त निघाला व पांचवा १९६२ त संपला. हायकोर्टांतील वकिलाच्या रोजच्या गरजेचें एक पुस्तक शुद्ध करावयास बसलेल्या मनुष्याच्या हातून जगांतील या विषयाचा सर्वांत मोठा ग्रंथ झाला. तो लिहिला गेला तेव्हां मात्र त्याचा न्यायालयांतील उपयोग आटत चालला होता.

१९२९ च्या दुसऱ्या कायद्यानें मिताक्षरेच्या मुलुखांतही बहिणीस आजोबांनंतर व चुलत्याच्या आधीं जागा मिळाली. उरणच्या बहिणीस जें पन्नास वर्षांपूर्वीं पुस्तकानें दिलें होतें, त्याच्या जवळपास रत्नागिरीची बहीण आतां कायद्यानें आली. १९३७ त विधवेस पतीच्या हिश्श्यांत हक्क आला. शेवटीं ता. १७ जून १९५६ रोजीं हिंदु वारसा कायदा अमलांत आला व त्याच्या चौथ्या कलमानें, त्या कायद्यांत ज्याची तरतूद आहे त्या बाबतींत जुनीं वचनें, त्यांचे अर्थ व रिवाज या सर्वांचा अंमल संपविला. मयूख व मिताक्षरा यांतील सीमारेषा, जिच्यासाठीं इतके निवाडे झाले, ती वारशापुरती पुसली गेली. तथापि ज्याचा मृत्यु त्या तारखेपूर्वींचा आहे त्याचा वारसा जुन्याच कायद्यानें ठरतो. आणि जमिनीचे वाद पिढ्यान् पिढ्या चालत असल्यामुळें एखाद्या जुन्या मिळकतीच्या खटल्यांत, मृत मनुष्य उत्तर कोंकणचा कीं दक्षिण कोंकणचा एवढें ठरविण्यासाठीं, बोराडेल, मंडलीक व काणे यांचे मयूख पुन्हां कपाटांतून खालीं काढावे लागतात.